अत्यावश्यक जनुकाची नाती कशी वाचायची? टीआरएम६ आणि टीआरएफ४ यांच्याविषयी एक शंका

कृष्णाकाठ, सांगली

सर्वांना नमस्कार. मी सांगलीत एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते आणि माझा प्रकल्प यीस्टमधील टीआरएम६ या जनुकावर आहे. टीआरएम६ आणि त्याचे जोडीदार टीआरएम६१ या दोघांच्या प्रथिनांचे मिळून एक विकर तयार होते आणि ते टीआरएनएच्या (प्रथिन बनताना ॲमिनो आम्ले आणून देणाऱ्या छोट्या आरएनएच्या) ५८व्या जागेवरील ॲडेनिनला मिथाइल गट लावते, इथपर्यंत मला समजलेले आहे. यीस्टच्या सुमारे सहा हजार जनुकांपैकी जी हजारेक जनुके काढून टाकली असता पेशी जगतच नाही, त्यांत ही दोन्ही जनुके मोडतात. माझी अडचण यापुढे सुरू होते.

आमच्या मार्गदर्शक मॅडमनी एका संशोधन संस्थेतून यीस्टचे चार स्ट्रेन, म्हणजे वाण, मिळवून दिले. एक मूळ स्ट्रेन, दुसरा टीआरएम६-५०४ हा उष्णता न सोसणारा उत्परिवर्ती, तिसरा टीआरएफ४ हे जनुक काढून टाकलेला, आणि चौथा हे दोन्ही बदल एकत्र असलेला. चारही कल्चर सारख्या घनतेला आणून, प्रत्येक वेळी दहापट पातळ करत, मी त्यांचे ठिपके वायपीडी या यीस्टच्या नेहमीच्या अन्नमाध्यमाच्या प्लेटवर दिले. एक प्लेट गरम इनक्युबेटरमध्ये ठेवली आणि दुसरी 'खोलीच्या तापमानाला' म्हणून बाकावर ठेवली. गरम प्लेटवर टीआरएम६-५०४ जवळजवळ उगवला नाही, हे अपेक्षित होते. मात्र ज्यात टीआरएफ४ही नाही, तो दुहेरी उत्परिवर्ती त्याच प्लेटवर चांगला वाढला. आधीच मोडलेल्या पेशीतून आणखी एक वस्तू काढून घेतल्यावर ती सुधारते कशी, हे मला उमगत नाही.

दुसरी शंका अशी की, जे जनुक नसेल तर पेशी मरते, त्याचे हजारो इतर जनुकांशी असलेले संबंध लोकांनी मोजले कसे? दुहेरी उत्परिवर्ती तयार करायचा, तर आधी एकेरी जिवंत असायला हवा ना? आणि तिसरी शंका म्हणजे, यीस्टच्या माहितीकोशात या जनुकापुढे संबंधांची लांबलचक यादी येते, ती तोंडी परीक्षेत कशी मांडावी? कोणते नाते महत्त्वाचे आणि कोणते केवळ नोंदीपुरते, हे ओळखण्याची काही रीत आहे का?

शेवटी एक तक्रारवजा गोष्ट. बाकावरच्या प्लेटवर टीआरएम६-५०४ नीट उगवायला हवा होता, परंतु तिथेही तो रोडावलेलाच दिसला. शिवाय गरम प्लेटवर त्याच्या पहिल्या, दाट ठिपक्यात तिसऱ्या दिवशी चार-पाच टपोऱ्या वसाहती आल्या. माझे कल्चर दूषित झाले असेल का?

अजिंक्यतारा, सातारा

ताई, तुमच्या शंका मुळाला हात घालणाऱ्या आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी साताऱ्यात बरीच वर्षे आनुवंशिकी शिकवत आहे आणि 'अत्यावश्यक' हा शब्द विद्यार्थी फार लवकर स्वीकारतात, असा माझा अनुभव आहे. हे जनुक अत्यावश्यक आहे असे एकदा लिहिले की 'का' हा प्रश्न विचारायचा राहून जातो. जनुकांमधील नाती मोजण्याचा खरा उपयोग त्या 'का'पर्यंत पोहोचण्यासाठी आहे.

आधी तुमची दुसरी शंका घेऊ. अत्यावश्यक जनुक पूर्ण काढता येत नाही, परंतु ते लंगडे करता येते. तुमचा ५०४ हा अशाच प्रकारचा आहे. कमी तापमानाला त्याचे प्रथिन कसेबसे काम करते आणि तापमान वाढले की ते कोलमडते. टोरोंटोमधील चार्ल्स बून आणि ब्रेंडा अँड्र्यूज यांच्या प्रयोगशाळांनी अशा उष्णता न सोसणाऱ्या स्ट्रेनचा मोठा संग्रह तयार केला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संग्रहात ७८७ स्ट्रेन होते आणि त्यांत ४९७ अत्यावश्यक जनुके आलेली होती. आणखी एक युक्ती अशी की, जनुकाच्या शेपटाकडील, प्रथिनात न उतरणाऱ्या भागात प्रतिजैविक-रोधाचे जनुक घुसवायचे. त्यामुळे संदेशवाहक आरएनए अस्थिर होतो, प्रथिन कमी बनते, पण शून्य होत नाही.

असा लंगडा स्ट्रेन हाती आला की पुढचे काम यंत्रमानव आणि निवडक माध्यमे करतात. ही पद्धत २००१ साली प्रसिद्ध झाली. आपल्या स्ट्रेनमधील उत्परिवर्तनाला नर्सियोथ्रिसिन या प्रतिजैविकाला दाद न देणारी खूण जोडलेली असते, तर समोरच्या संग्रहातील प्रत्येक स्ट्रेनमध्ये जी-४१८ला दाद न देणारी खूण असते. दोघांचा संकर करून द्विगुणित पेशी मिळवायच्या, त्यांना उपाशी ठेवून बीजाणू करायला लावायचे, आणि मग ज्यावर एकाच लिंगप्रकारच्या व दोन्ही खुणा असलेल्या एकगुणित पेशीच उगवतील अशा माध्यमावर त्या उतरवायच्या. एवढे झाले की उरते ते वसाहतींचे आकारमान मोजणे. दुहेरी उत्परिवर्ती जन्माला येतो तो लंगड्या जनुकाला सोसेल अशा तापमानाला, हे तुमच्या शंकेचे उत्तर आहे.

मोजमापाचा हिशेब साधा आहे, पण तो स्वतः कागदावर करून पाहावा. मूळ स्ट्रेनची वाढ १ धरा. समजा, एका उत्परिवर्तीची वाढ ०.६ आहे आणि दुसऱ्याची ०.५. दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नसेल, तर दुहेरी उत्परिवर्तीची वाढ या दोन आकड्यांच्या गुणाकाराइतकी, म्हणजे ०.३ असेल असे मानतात. प्रत्यक्षात ०.०५ मिळाली, तर नाते ऋण आहे, आणि पेशी मेलीच तर त्याला संयुक्त घातकता म्हणतात. ०.३पेक्षा बरीच जास्त मिळाली, तर नाते धन आहे. आणि ती ०.५च्याही पुढे गेली, म्हणजे दोन एकेरी उत्परिवर्तींपैकी जो जास्त अशक्त त्याच्यापेक्षा दुहेरी सुदृढ निघाला, तर ते दमन होय, म्हणजे एका दोषाने दुसऱ्या दोषाचा परिणाम झाकणे. (हे आकडे केवळ समजण्यापुरते आहेत.) २०१६ साली याच गटाने सुमारे २ कोटी ३० लाख दुहेरी उत्परिवर्तींचा लेखाजोखा मांडला. त्यांत सुमारे साडेपाच लाख ऋण आणि साडेतीन लाख धन नाती निघाली. अत्यावश्यक जनुकांची नाती इतर जनुकांच्या सुमारे पाचपट होती. म्हणून तुमच्या जनुकापुढील यादी लांब दिसते, यात नवल नाही.

आता टीआरएम६ अत्यावश्यक का? या जनुकाचे जुने नाव जीसीडी१० आहे आणि जुन्या नावातच कथा दडलेली आहे. ॲमिनो आम्लांची उपासमार झाली की यीस्ट जीसीएन४ हे प्रथिन बनवते आणि ते ॲमिनो आम्ले तयार करणारी जनुके चालू करते. जीसीएन४च्या संदेशात मुख्य मजकुराआधी चार छोट्या वाचन-चौकटी आहेत. रायबोसोमचा, म्हणजे संदेश वाचून प्रथिन बनवणाऱ्या यंत्रणेचा, लहान भाग पहिली चौकट वाचून पुढे सरकतो. पुन्हा वाचन सुरू करण्यासाठी त्याला आरंभक टीआरएनए (प्रत्येक प्रथिनाचे पहिले ॲमिनो आम्ल आणणारा टीआरएनए) बाळगणारे त्रिघटक संकुल मिळावे लागते. ते मुबलक असेल तर रायबोसोम पुढच्या छोट्या चौकटींतच गुंततो आणि संदेशावरून उतरतो. ते दुर्मिळ असेल तर तो त्या चौकटी ओलांडून थेट जीसीएन४पर्यंत पोहोचतो. ज्या उत्परिवर्तींमध्ये उपासमार नसतानाही जीसीएन४ चालू राहते, त्यांना जीसीडी हे नाव मिळाले. ॲलन हिन्नेबुश यांच्या गटाने ऐंशीच्या दशकात अशी अनेक जनुके शोधली आणि जीसीडी१० त्यांतलेच आहे.

१९९८ साली हा धागा पूर्ण जुळला. जीसीडी१० आणि जीसीडी१४, म्हणजे आजचे टीआरएम६ आणि टीआरएम६१, यांच्याविना टीआरएनएवरील तो मिथाइल गट लागत नाही आणि आरंभक टीआरएनएचे प्रमाण घसरते, असे दिसून आले. यीस्टमध्ये आरंभक टीआरएनएच्या चार प्रती आहेत, आयएमटी१ ते आयएमटी४. यांपैकी एक जनुक भरपूर प्रती असलेल्या प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर, घालून पेशीत दिले, तर टीआरएम६ पूर्णपणे काढून टाकलेली पेशीसुद्धा जगते. तिच्यात तो मिथाइल गट कुठल्याच टीआरएनएवर नसतो, तरीही ती जगते. या एका निरीक्षणावर मी वर्गात पूर्ण तास घालवतो. तो मिथाइल गट इतरही अनेक टीआरएनएंवर असतो, परंतु पेशीचा जीव अडकलेला असतो तो एकट्या आरंभक टीआरएनएत. हे रसायनशास्त्राने एकट्याने सांगितले नसते, ते जनुकांच्या नात्याने सांगितले.

आता टीआरएफ४. ते प्रथिन सदोष आरएनएला ॲडेनिनची छोटी शेपटी लावते आणि अशी शेपटी लागलेला आरएनए केंद्रकातील एक्झोसोम हे विकर-संकुल खाऊन टाकते. मिथाइल नसलेला आरंभक टीआरएनए याच वाटेने नष्ट होतो, हे २००४ साली तुमच्याच ५०४ या उत्परिवर्तीत दाखवले गेले. टीआरएफ४ काढले की नाश थांबतो आणि पेशी वाचते. सांगलीच्या वाचकाला बेदाण्याचे उदाहरण पटेल. प्रतवारी करणारा माणूस रंग उतरलेला बेदाणा बाजूला काढतो, पण म्हणून तो बेदाणा खाण्यालायक नसतो असे नाही. माल मुळातच कमी असेल आणि प्रतवारी करणारा त्या दिवशी आला नाही, तर तोच बेदाणा बाजारात जातो आणि गिऱ्हाइकाचे काम भागते. तुमच्या चौथ्या स्ट्रेनमध्ये हेच घडले आहे.

हळदपेठ, सांगली

मी इथल्याच एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. तुमच्या शेवटच्या परिच्छेदाला उत्तर देतो, कारण तत्त्वापेक्षा बाकावरचे तापमान तुम्हाला जास्त छळत आहे असे मला वाटते.

सांगलीत एप्रिल-मेमध्ये बाहेर ३८ ते ४० अंश असतात. पत्र्याच्या छपराखालच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीजवळच्या खोलीत दुपारी आतही फारसे कमी नसते. 'खोलीचे तापमान' ही प्रयोगाची अट होऊ शकत नाही. इंग्लंड-अमेरिकेतील लेखांत हा शब्द २२ ते २५ अंश अशा अर्थाने आलेला असतो आणि आपण तो शब्दशः पाळतो. एक साधा थर्मामीटर पाण्याने भरलेल्या शंकूपात्रात बुडवून, ते पात्र प्लेटच्या शेजारी दिवसभर ठेवा आणि दर दोन तासांनी आकडा लिहा. हवेतला थर्मामीटर पंख्याच्या झुळकीने फसवतो, पाणी फसवत नाही. नंतर प्लेट बीओडी इनक्युबेटरमध्ये २५ अंशांवर ठेवा. साध्या इनक्युबेटरला फक्त तापवता येते, थंड करता येत नाही, त्यामुळे बाहेर ३६ असताना त्यावर २५ लावून काहीही उपयोग नाही. आणि बीओडी यंत्र इन्व्हर्टरवर आहे की नाही, तेही पाहा. रात्री दोन तास वीज गेली आणि सकाळी पडद्यावर २५ दिसले, म्हणजे रात्रभर २५ होते असे नव्हे.

त्या चार-पाच टपोऱ्या वसाहतींना दूषण समजून टाकून देऊ नका. दूषण असते तर ते प्लेटवर कुठेही, ठिपक्याबाहेरही दिसले असते. पहिल्या ठिपक्यात लाखभर पेशी असतात. त्यांतील एखाद्या पेशीत आपोआप दुसरे उत्परिवर्तन झाले आणि त्याने पहिल्याचा दोष झाकला, तर तीच पेशी गरम प्लेटवर वसाहत करते. निर्जंतुक टूथपिकने प्रत्येक वसाहत वेगवेगळी उचला, नवीन प्लेटवर दोनदा रेषा ओढून शुद्ध करा, मग पुन्हा गरम व थंड अशा दोन्ही तापमानांना पाहा. सूक्ष्मदर्शकाखाली कळ्या फुटणारे यीस्टच आहे ना, हेही पाहून घ्या.

आणखी एक गोष्ट. टीआरएफ४ काढलेला स्ट्रेन थंडी सोसत नाही. २५ अंशांना तो थोडा मागे पडल्यासारखा दिसला तर घाबरू नका, पण तुलनेत मात्र ते धरा.

मिरजेचा, सध्या पुणे

अजिंक्यतारा सरांनी उत्तम मांडले आहे. मी आरएनएवरच काम करतो, म्हणून दोन ठिकाणी भर घालतो आणि एका ठिकाणी आदरपूर्वक दुरुस्ती सुचवतो.

दुरुस्ती अशी की, ताईंच्या मनात टीआरएफ४ काढल्याने दोष 'सुधारला' हा शब्द राहू नये. दुहेरी उत्परिवर्तीतही मिथाइल गट परत येत नाही. टीआरएनए सदोषच राहतो, केवळ तो कचऱ्यात जात नाही. सरांच्या बेदाण्याच्या उदाहरणात हे अभिप्रेत आहेच, परंतु तोंडी परीक्षेत नेमका हाच भेद विचारला जातो. कोणते दमन दोषाची मूळ जागा दुरुस्त करते, कोणते त्याच्या पुढच्या पायरीला अडवते आणि कोणते तुटवडा भरून काढते, हे तीन प्रकार वेगळे आहेत. टीआरएफ४ काढणे हा दुसरा प्रकार, आयएमटी४ जास्त प्रमाणात देणे हा तिसरा प्रकार. एक्झोसोममधील आरआरपी४४ हे स्वतः अत्यावश्यक असलेले प्रथिन लंगडे केले तरी ५०४ वाचतो, आणि तोही दुसराच प्रकार आहे. पहिल्या प्रकारचे सर्वांत सोपे रूप म्हणजे टीआरएम६च मूळ स्थितीला परतणे. म्हणून हळदपेठ म्हणतात त्या टपोऱ्या वसाहती हाती आल्यावर आधी टीआरएम६ जनुकाचा क्रम वाचून घ्यावा आणि मगच इतर जनुकांकडे बोट दाखवावे.

भर पहिली. आरंभक टीआरएनएच एवढा नाजूक का, याचे उत्तर त्याच्या घडणीत आहे. बहुतेक टीआरएनएंत ५४व्या जागी थायमिन असते, पण यीस्टच्या आरंभक टीआरएनएत तिथे ॲडेनिन आहे आणि ६०व्या जागीही ॲडेनिन आहे. १९९१ साली त्याची स्फटिकरचना उलगडली, तेव्हा ५४ व ५८ यांच्यात आणि ६० व २० यांच्यात वेगळ्याच गाठी दिसल्या. टीआरएनएच्या दोन भुजा जिथे कोपरासारख्या जुळतात, तिथे या गाठी आहेत. ५८व्या जागेवरील मिथाइल गट त्या गाठी पक्क्या ठेवतो. तो नसेल तर कोपर सैल पडते आणि सदोष आरएनए हेरणाऱ्या पहारेकऱ्यांना, म्हणजे टीआरएफ४सारख्या प्रथिनांना, ते जाणवते. इतर टीआरएनएंना ५४व्या जागीचा नेहमीचा आधार असतो, म्हणून त्यांचे निभावते.

भर दुसरी, आणि मला ती फार मोलाची वाटते. अनेक वर्षे आम्ही सगळे असे शिकवत होतो की, केंद्रकातला टीआरएफ४ व एक्झोसोम हा एक मार्ग टीआरएम६च्या उत्परिवर्तींसाठी, आणि दुसरा, टीआरएनएला ५' टोकाकडून कुरतडणारा शीघ्र नाशाचा मार्ग इतर उत्परिवर्तींसाठी. हा दुसरा मार्ग २००६ साली टीआरएम८ आणि टीआरएम४ ही दोन जनुके एकाच वेळी काढलेल्या पेशींत सापडला होता. त्या दोघांपैकी एकही जनुक अत्यावश्यक नाही, पण दोन्ही नसतील तर उष्णतेत पेशी मरते, कारण व्हॅलिनचा एक टीआरएनए झपाट्याने नष्ट होतो. तिथे आरएटी१ व एक्सआरएन१ ही विकरे खाण्याचे काम करतात, आणि एमईटी२२ हे जनुक काढले की ती विकरे मंदावतात. २०२२ साली असे दाखवले गेले की, मिथाइल नसलेला आरंभक टीआरएनए या दुसऱ्या मार्गानेही नष्ट होतो. हे फक्त आपल्या यीस्टमध्येच नव्हे, तर त्याच्यापासून उत्क्रांतीत फार दूर गेलेल्या, दुभंगून वाढणाऱ्या सायझोसॅकरोमायसिस पोम्बेमध्येही खरे आहे. म्हणजे एका सदोष टीआरएनएवर दोन पहारे असतात. तुमच्या दुहेरी उत्परिवर्तीची वाढ मूळ स्ट्रेनइतकी पूर्ण नसेल, तर त्याचे एक कारण तुमच्या हातात आहे. एक पहारेकरी हटवला, दुसरा अजून जागा आहे.

यादी कशी वाचावी याविषयी माझे मत स्पष्ट आहे. नाते सांगते की दोन कामे एकमेकांना कुठेतरी भिडतात. कशी भिडतात, ते सांगत नाही. टीआरएफ४ या जनुकाचे नावच याचा दाखला आहे. टोपोआयसोमरेज-१ (डीएनएचे पीळ सोडवणारे विकर) नसलेल्या पेशीला जे जनुक लागते, ते शोधताना १९९५ साली ते सापडले, म्हणून नावात टोपोआयसोमरेज आले, आणि पुढे काही काळ त्याला डीएनए पॉलिमरेज समजले गेले. ते आरएनएला शेपटी लावते, हे नंतर कळले. तुमच्या जीसीडी१०चेही तसेच झाले. त्याच १९९५ साली ते भाषांतर, म्हणजे संदेशावरून प्रथिन बनवण्याचे काम, सुरू करणाऱ्या ईआयएफ३ या घटकाचा भाग आहे असे प्रसिद्ध झाले होते. त्या काळच्या पुराव्यांवरून तो निष्कर्ष समजण्याजोगा होता, कारण जीसीएन४शी असलेले त्याचे नाते भाषांतराकडेच बोट दाखवत होते. बोट बरोबर दिशेला होते, पण वस्तू दोन पावले आधी होती.

कृष्णाकाठ, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. हळदपेठदादांनी सांगितल्याप्रमाणे काल शंकूपात्रात थर्मामीटर ठेवून दिवसभर नोंदी घेतल्या. सकाळी आठला २९, दुपारी तीनला ३६ आणि रात्री नऊलाही ३३ अंश होते. म्हणजे माझी 'थंड' प्लेट दुपारभर गरमच होती. आज विभागातील बीओडी यंत्र मागून घेतले आहे.

दोन गोष्टी अजून विचारते. जनुकांच्या यादीत एलएचपी१ हे नाव टीआरएम६१च्या संदर्भात येते. त्याला वरच्या तीन प्रकारांपैकी कोणत्यात बसवावे? आणि टीआरएम६ व टीआरएम६१ दोन्ही एकाच वेळी लंगडी केली, तर नाते धन येईल की ऋण? एकाच विकराचे दोन भाग असल्यामुळे, एक मोडल्यावर दुसरे मोडल्याने काय फरक पडणार, असे मला वाटते.

अजिंक्यतारा, सातारा

मिरजेच्या सरांची दुरुस्ती मान्य आहे. 'सदोष पण उपयोगी' असेच मी यापुढे वर्गात सांगेन.

एलएचपी१ हे यीस्टमधील 'ला' नावाचे प्रथिन आहे. नुकत्याच बनलेल्या टीआरएनएच्या ३' टोकाला युरिडिनची छोटी शेपटी असते, तिला हे प्रथिन धरून ठेवते. त्यामुळे टोकाकडून कुरतडणाऱ्या विकरांपासून बचाव होतो आणि टीआरएनएला नीट घडी पडायला अवधी मिळतो. आरंभक टीआरएनए परिपक्व करण्याच्या कामात ते जीसीडी१० व जीसीडी१४ यांना साथ देते, हे १९९९ साली प्रसिद्ध झाले. मिरजेच्या सरांच्या तीन प्रकारांत त्याला कोंबू नका, कारण ते दोष झाकणारे उत्परिवर्तन नाही. ते मूळ कामातील जोडीदार आहे, आणि जोडीदाराची गरज एरवी न भासता अडचणीच्या वेळी भासते. सुदृढ पेशीत एलएचपी१ नसले तरी चालते. टीआरएनएची घडी आधीच सैल असेल, तेव्हा मात्र त्या धरून ठेवणाऱ्या हाताची किंमत कळते. ऋण नाती बहुतेक अशीच असतात.

दुसरा प्रश्न फार चांगला आहे, आणि तुमचा तर्क अत्यावश्यक नसलेल्या जनुकांपुरता बरोबर आहे. तिथे संकुलाचा एक भाग पूर्ण काढला की संकुलच संपते, दुसरा काढून आणखी काही बिघडत नाही, त्यामुळे नाते धन दिसते. अत्यावश्यक संकुलात मात्र दोन्ही भाग लंगडे असतात, गेलेले नसतात. एका भागामुळे संकुलाची ताकद निम्मी उरली आणि दुसऱ्यामुळे त्या निम्म्याचीही घट झाली, तर पेशी जगण्याच्या रेषेखाली जाते. म्हणून अत्यावश्यक संकुलांच्या आतील नाती सामान्यतः ऋण निघतात. टीआरएम६ आणि टीआरएम६१ यांच्या प्रत्येकी दोन अशा चार तुकड्यांचे ते विकर आहे. टीआरएम६१ मिथाइल देणाऱ्या एस-ॲडेनोसिल मेथिओनिनला धरते आणि टीआरएम६ टीआरएनए धरण्यास मदत करते. दोन्ही बाजूंनी पकड ढिली झाली तर काय होईल, याचा अंदाज तुम्हीच बांधा आणि प्रकल्पात अंदाज म्हणूनच लिहा.

मिरजेचा, सध्या पुणे

एक व्यावहारिक सूचना. मॅडमना विचारून आयएमटी४चा अनेक प्रती असणारा प्लास्मिड मागवता आला, तर तो आणि रिकामा प्लास्मिड, असे दोन्ही ५०४मध्ये घाला. तुमच्या दुहेरी उत्परिवर्तीच्या शेजारी हे दोन ठिपके असले की परीक्षकांना एकाच प्लेटवर तुटवडा भरून निघालेला आणि नाश थांबलेला, असे दोन्ही दिसतील. शक्य असेल तर ३-अमिनोट्रायझोल घातलेली एक प्लेटही ठेवा. हे रसायन हिस्टिडिन बनवण्याच्या वाटेत अडथळा आणते, आणि जीसीएन४ सतत चालू असलेले उत्परिवर्ती त्याला तोंड देतात. ५०४च्या स्ट्रेनमध्ये हिस्टिडिन बनवण्यासाठी लागणारे एचआयएस३ जनुक शाबूत आहे का, ते आधी तपासा, नाहीतर प्लेट वाया जाईल.

कृष्णाकाठ, सांगली

बीओडी यंत्रात २५ अंशांवर ठेवलेली प्लेट आज तिसऱ्या दिवशी उघडली. टीआरएम६-५०४ पाचपैकी चौथ्या ठिपक्यापर्यंत उगवला आहे, मूळ स्ट्रेन पाचव्यापर्यंत. टीआरएफ४ काढलेला स्ट्रेन दादांनी सांगितल्याप्रमाणे थोडा मागे आहे. टपोऱ्या वसाहतींपैकी तीन शुद्ध झाल्या असून, त्या तिन्ही गरम प्लेटवर पुन्हा वाढल्या. मॅडमनी टीआरएम६चा क्रम वाचण्यासाठी तिन्हींचा डीएनए पाठवायला होकार दिला आहे. स्ट्रेनच्या नोंदवहीत एचआयएस३ शाबूत असल्याचे लिहिलेले नाही, म्हणून आज रात्री चारही स्ट्रेन हिस्टिडिन नसलेल्या माध्यमावर उतरवत आहे, बीओडी यंत्रातच.